गुन्ह्याची सीमा आणि कायद्याची सीमा

पश्चिम रेल्वेची गाडी दहिसर सोडून पुढे निघाली, की रुळांच्या कडेला मिठागरे दिसू लागतात. मग मीरा रोड, त्यानंतर भाईंदर, आणि भाईंदरच्या पुढे वसईची खाडी. या वाटेने रोज जाणाऱ्या माणसाला तिच्यात पाहण्यासारखे काही आहे असे वाटत नाही. गर्दीत दोन पाय टेकायला जागा मिळाली म्हणजे पुष्कळ झाले! परंतु परदेशाशी चालणारा व्यापार, त्या व्यापाराच्या आडोशाने चालणारा गुन्हा आणि त्या गुन्ह्यामागे धावणारा कायदा, या तिघांची जवळजवळ पाचशे वर्षांची शर्यत याच खाडीकाठी पाहायला मिळते. तिच्याविषयी तुमच्याशी थोडे बोलावे, असे मनात आहे.

प्रथम अलीकडची गोष्ट. २०१६ सालच्या ऑक्टोबर महिन्यात, ४ तारखेच्या रात्री, ठाणे पोलिसांनी मीरा रोडमधल्या काही कचेऱ्यांवर छापे घातले. या कचेऱ्या म्हणजे कॉल सेंटरे. पहाट होईपर्यंत सातशेहून अधिक तरुण-तरुणींना ताब्यात घेण्यात आले आणि सुमारे ७० जणांना अटक झाली. पोलिसांचा आरोप असा होता, की ही मंडळी रात्रभर अमेरिकेतल्या लोकांना फोन करीत, आपण तिथल्या प्राप्तिकर खात्याचे अधिकारी आहोत असे सांगत, “तुमचा कर थकला आहे, आत्ता पैसे भरले नाहीत तर अर्ध्या तासात पोलीस दारात येतील” अशी धमकी देत. घाबरलेल्या माणसाला जवळच्या दुकानात पाठवायचे, तिथून पैसे भरलेली कार्डे विकत घ्यायला लावायची आणि त्या कार्डांवरचे आकडे फोनवर वाचून घ्यायचे. आकडे वाचून झाले की पैसे गेले!

ही बातमी आली त्या आठवड्यात वर्गात शिरलो तर मुलांची कुजबुज चाललेली. धडा होता युरोपीय व्यापारी कंपन्यांचा. शेवटच्या बाकावरचा एक विद्यार्थी उभा राहिला आणि म्हणाला, “सर, बोलणारा इथं, फसलेला तिथं, पैसे भलतीकडंच. मग गुन्हा घडला कुठं?”

मुले हसली. मीही हसलो आणि धडा पुढे चालू केला. पण खरे सांगायचे तर त्या प्रश्नाचे उत्तर मला त्या दिवशी देता आले नाही. प्रश्न थट्टेचा नव्हता. कायद्याला गाव लागते, ठाणे लागते, हद्द लागते. आणि या गुन्ह्याला गावच नव्हते. आज जे सांगणार आहे ते त्या विद्यार्थ्याला उशिरा दिलेले उत्तर आहे, असे समजा.

उत्तरासाठी थोडे मागे जावे लागेल. भाईंदरच्या खाडीपलीकडे वसईचा किल्ला आहे. १५३४ साली गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई आणि तिच्याबरोबर साष्टीचा मुलूख पोर्तुगीजांना तहाने दिला. आजचे मीरा-भाईंदर हा या साष्टीचाच उत्तरेकडचा भाग. या तहातली एक अट मोठी लक्षात ठेवण्यासारखी आहे. गुजरातेतून तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या गलबतांनी वसईहून परवाना घेऊन निघावे आणि परततानाही वसईलाच येऊन जकात भरावी, अशी ती अट होती. हा पोर्तुगीज परवाना म्हणजे ‘कार्ताझ’. तो जवळ असेल तो व्यापारी, आणि नसेल तो चाचा! गलबत तेच, माल तोच, नाखवाही तोच. पण एक कागद नसला की पिढ्यान् पिढ्या या समुद्रावर वावरणारा माणूस एका रात्रीत गुन्हेगार ठरे. खुद्द अकबर बादशहाच्या घरच्या स्त्रिया हजला निघाल्या, तेव्हा त्यांनाही सुरतेस पोर्तुगीजांच्या परवान्यासाठी खोळंबून राहावे लागले होते. मग सामान्य नाखव्याची काय कथा?

यातून पहिली गोष्ट ध्यानात येते. सीमापार व्यापारात गुन्हा कशाला म्हणायचे हे पुष्कळदा समुद्रावर ज्याचा ताबा असेल तो ठरवतो. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि या किनाऱ्यावरचा पोर्तुगीज अंमल संपला. पुढे १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाणे आणि साष्टी बळकावली, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडेच राहिली. राजे बदलले, परवाने बदलले. परवान्याची कल्पना मात्र तीच राहिली.

आता मिठाकडे वळू. भाईंदरच्या आगरांत पिकणारे मीठ हे गरिबातल्या गरिबाच्या ताटात पडणारे. इंग्रजी अंमलात त्यावर जबर कर बसला आणि परवान्याशिवाय मीठ करणे हा गुन्हा झाला. पण शेजारी गोव्यात तर पोर्तुगीजांचे राज्य. तिथले मीठ स्वस्त. एका सरकारने कर चढवला आणि दुसऱ्याने चढवला नाही, म्हणजे मधल्या घाटवाटांनी काय होणार ते सांगायला अर्थशास्त्रज्ञ नको. गोव्याचे मीठ चोरवाटांनी इंग्रजी मुलखात येऊ लागले. यावर इंग्रजांनी शोधलेला उपाय पाहा. १८७८ च्या डिसेंबरात त्यांनी पोर्तुगालशी तह केला आणि गोव्यातल्या मिठावरचा कारभारच आपल्या हाती घेतला! त्याबद्दल गोवा सरकारला वर्षाला चार लाख रुपये द्यायचे ठरले. एका राज्याचा कर वाचावा म्हणून दुसऱ्या राज्यातली आगरे ताब्यात गेली. तोटा सोसला तो आगरावर राबणाऱ्या माणसाने. हा तह १८९२ मध्ये संपला. पण ‘चोरटा व्यापार एकट्या सरकारला थांबवता येत नाही, शेजारच्या सरकारला बरोबर घ्यावे लागते’ ही जाणीव मागे ठेवून गेला.

मिठाचा कर १९४७ मध्ये उठला. त्याच सुमारास सोन्याच्या आयातीवर बंधने आली आणि चोरट्या व्यापाराला मिठाहून कितीतरी किमती माल मिळाला. १९६३ च्या जानेवारीत सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले, १९६८ मध्ये त्यांचा कायदा झाला. हेतू चांगला होता, परकीय चलन वाचवण्याचा. परंतु लग्नकार्यात सोने लागतेच, ही आपल्या समाजाची समजूत कायद्याने बदलली नाही. मुंबईतला भाव बाहेरच्या भावापेक्षा चढा राहिला आणि तेवढ्या फरकावर दुबईहून मचवे येत राहिले. दहा तोळ्यांची बिस्किटे हा शब्द त्या काळात शाळकरी पोरांनाही ठाऊक होता. १९९० मध्ये हा कायदा रद्द झाला, १९९२ पासून परदेशातल्या भारतीयांना कर भरून सोने आणण्याची मुभा मिळाली आणि समुद्रावरचा तो धंदा पाहता पाहता ओसरला. पुढे २०१३ मध्ये आयातकर दहा टक्क्यांवर नेण्यात आला, तेव्हा विमानतळांवर पकडल्या जाणाऱ्या सोन्याचे प्रमाण पुन्हा वाढले. म्हणजे दोन बाजूंच्या भावांत फरक पडला, की त्या फरकाच्या पोटी चोरटा व्यापारी जन्माला येतो.

पण एवढ्यावरून ‘कर कमी करा म्हणजे गुन्हा संपला’ असा निष्कर्ष काढणे फसवे ठरेल. एकदा पडलेली चोरवाट मालाची निवड करीत नाही. ज्या वाटेने सोने आणि चांदी उतरत होती, त्याच वाटेने १९९३ च्या आरंभी रायगड जिल्ह्यात दिघी आणि शेखाडीच्या किनाऱ्यांवर शस्त्रे आणि स्फोटके उतरली, आणि १२ मार्चला मुंबई हादरली. सीमाशुल्क खात्यातल्या अधिकाऱ्यांनाही त्या खटल्यात शिक्षा झाल्या. घड्याळे आणि बिस्किटे येतात म्हणून डोळेझाक करणाऱ्यांनी शेवटी काय आत येऊ दिले, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको.

आता मीरा रोडच्या प्रकरणात नवे काय ते पाहू. मिठाला गोणी लागते, सोन्याला मचवा लागतो. इथे सीमा ओलांडून गेला तो नुसता आवाज! ना बंदर, ना जकातनाके, ना झडती घेणारा शिपाई.

हा आवाज स्वस्तात पलीकडे जाऊ लागला त्यालाही इतिहास आहे. परदेशी टेलिफोनचा मक्ता एका सरकारी कंपनीकडे होता, तो २००२ च्या मार्चअखेर संपला आणि १ एप्रिलपासून इंटरनेटवरून फोन करण्यासही परवानगी मिळाली. कॉल सेंटरांचा धंदा त्याआधीच सुरू झाला होता. आता तो झपाट्याने फोफावला. त्यात घड्याळाचीही साथ. ऑक्टोबरात मीरा रोडला संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा न्यूयॉर्कमध्ये सकाळचे साडेनऊ झालेले असतात. तिकडे कचेरी उघडते, इकडे रात्रपाळी सुरू होते. शिवाय मुंबईपेक्षा जागा स्वस्त, रेल्वे दाराशी, आणि इंग्रजी बोलणारी, कामाच्या शोधातली हजारो मुले. १९८५ साली जिथे नगरपालिका झाली, २००२ मध्ये महानगरपालिका झाली आणि २०११ च्या शिरगणतीत ज्याची वस्ती आठ लाखांवर गेली, अशा या गावात पांढऱ्या कामाला जे जे लागते ते ते सारे होते. काळ्या कामालाही नेमके तेच लागले. यंत्रे तीच, खुर्च्या त्याच, रात्रपाळी तीच, ‘टार्गेट’ हा शब्दही तोच. मुलाखतीला येणाऱ्या मुलाला दारावरून फरक कळावा कसा?

इथे समाजशास्त्राची थोडी मदत घेऊ. एडविन सदरलँड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९३९ साली आपल्या व्याख्यानात एक नवा शब्दप्रयोग रूढ केला, ‘पांढरपेशी गुन्हेगारी’. गुन्हा म्हणजे दारिद्र्याचा किंवा बिघडलेल्या डोक्याचा परिणाम, ही समजूत त्याने खोडून काढली. त्याचे म्हणणे असे, की गुन्हा हा इतर कोणत्याही कामासारखा सहवासातून शिकला जातो. नुसते तंत्रच नव्हे, तर आपण करतो ते तितकेसे वाईट नाही असे मनाला पटवून देणारी कारणेसुद्धा माणूस बरोबरीच्या लोकांकडूनच शिकतो. अशा कचेरीत तुम्ही स्वतःला बसवून पाहा. पहिल्या दिवशी हातात छापील संवाद देतात. परके नाव देतात. शेजारचा सराईतपणे बोलत असतो. एकाने नुसते फोन लावायचे, दुसऱ्याने धमकवायचे, तिसऱ्याने व्यवहार पुरा करायचा. आणि कार्डांतले पैसे फिरवणारी माणसे तर तिकडे अमेरिकेतच. कामाचे इतके तुकडे पडले, की प्रत्येकाच्या वाट्याला गुन्ह्याची एक चिमूटच येते. आणि चिमूटभर पापाने कुणाची झोप उडत नाही!

उडायला मात्र हवी. याच जातीच्या, अमदाबादेतून चालणाऱ्या एका मोठ्या जाळ्यावर अमेरिकेत ह्यूस्टनच्या न्यायालयात आरोपपत्र ठेवण्यात आले, ते २७ ऑक्टोबर २०१६ रोजी, म्हणजे मीरा रोडच्या छाप्यानंतर अवघ्या तीन आठवड्यांत जाहीर झाले. त्यात कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगो शहरातल्या एका ८५ वर्षांच्या म्हातारीची हकिकत आहे. कर थकल्याची आणि अटकेची धमकी देऊन तिच्याकडून १२,३०० डॉलर काढून घेण्यात आले. ८५ वर्षांची बाई. तिच्या जागी आपल्या घरातली आजी बसवून पाहावी, म्हणजे ‘ते काय, श्रीमंत देश आहे’ हा रात्रपाळीतला युक्तिवाद किती पोकळ आहे ते कळेल.

आता कायद्याने काय केले? इथे एक मौज आहे. गुन्हेगार ओळखण्याच्या ज्या शास्त्रावर जगभरचे पोलीस विसंबतात, त्याचे एक मोठे पाऊल हिंदुस्थानातच पडले. १८५८ साली बंगालमध्ये विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने एका कंत्राटदाराकडून करारावर सहीबरोबर पंजाचा ठसा घेतला. पुढे कलकत्त्यास एडवर्ड हेन्री यांच्या हाताखाली अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन हिंदी अधिकाऱ्यांनी बोटांच्या ठशांची वर्गवारी बसवण्याचे कष्टाचे काम केले. १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांची कचेरी निघाली आणि १९०१ मध्ये लंडनच्या स्कॉटलंड यार्डने तीच पद्धत उचलली. पद्धतीला नाव मात्र हेन्रीसाहेबांचे!

शास्त्राने राज्यकारभार सुधारतो यात शंका नाही. पण शास्त्राच्या नावाखाली काय काय होऊ शकते, तेही आपल्या मुलखाला ठाऊक आहे. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढे तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. पारध्यांसारख्या जमातींतले मूल जन्मतःच संशयित ठरू लागले. हजेऱ्या, ठसे, काटेरी तारांच्या वसाहती हे सारे ‘शास्त्रीय’ व्यवस्थेचेच भाग होते. १९५२ मध्ये हा कायदा गेला, जमाती ‘विमुक्त’ झाल्या. पण तो शिक्का पुसण्यासाठी त्यांना अजून झगडावे लागते आहे. तेव्हा कॉल सेंटर म्हटले की चोर, मीरा रोड म्हटले की लबाड, असे कुणी म्हणू लागला तर त्याला हा इतिहास सांगावा. ज्ञान हवे, पण ते अमुक कृत्याचा माग काढण्यासाठी. माणसांच्या घोळक्यावर डाग देण्यासाठी नव्हे.

माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे कायदेशीर उत्तर आता देता येईल. गुन्हा घडला कुठे? दोन्हीकडे. आपल्या १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतच कलम १८२ असे होते, की पत्राने किंवा दूरसंदेशाने फसवणूक झाली, तर संदेश जिथून निघाला आणि जिथे पोचला, त्यांपैकी कोणत्याही ठिकाणच्या न्यायालयात चौकशी चालू शकते. १ जुलै २०२४ पासून या संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. संयुक्त राष्ट्रांचा सीमापार संघटित गुन्ह्यांविरुद्धचा करार २००० साली झाला, २००३ मध्ये अंमलात आला आणि भारताने त्याला २०११ मध्ये मान्यता दिली. त्यातही व्याख्या स्पष्ट आहे. एका देशात घडलेल्या कृत्याचे मोठे परिणाम दुसऱ्या देशात होत असतील, तर तो सीमापार गुन्हाच होय.

व्याख्या झाली, पण खटला व्याख्येवर चालत नाही, पुराव्यावर चालतो. आरोपी ठाणे जिल्ह्यात, साक्षीदार टेक्सासात. म्हातारीला साक्षीसाठी समुद्र ओलांडून आणायचे कसे? कार्ड विकणाऱ्या दुकानाचे कागद मागवायचे कुणी? यासाठी दोन देशांत करार लागतात. भारत आणि अमेरिका यांच्यात आरोपी सोपवण्याचा करार १९९७ साली आणि फौजदारी कामात परस्परांना मदत करण्याचा करार २००१ साली झाला. दुसरा २००५ पासून अंमलात आहे. १९२३ मध्ये व्हिएन्नात सुरू झालेल्या इंटरपोल या पोलिसांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा भारत १९४९ पासून सभासद आहे. साधने आहेत, नाही असे नाही. परंतु फोन एका क्षणात पोचतो आणि पुराव्याची मागणी कचेऱ्या ओलांडत महिनोन् महिने जाते. १८७८ च्या मिठाच्या तहाची आठवण होते ना? अडचण तीच, फक्त घाटवाटेच्या जागी तार आली आहे.

तरी कायदा अगदीच पांगळा आहे, असेही समजू नका. ह्यूस्टनच्या न्यायालयाने २०१८ च्या जुलैत त्या जाळ्यातल्या २१ जणांना शिक्षा ठोठावल्या. काहींना वीस वर्षांपर्यंत. हजारो लोकांकडून कित्येक कोटी डॉलर लुबाडल्याचे ते प्रकरण. याच जाळ्यातला एक प्रमुख आरोपी भारतातून विमानाने सिंगापूरला उतरला आणि तिथेच धरला गेला. २०१९ च्या एप्रिलमध्ये त्याला अमेरिकेच्या हवाली केले, आणि २०२० च्या नोव्हेंबरात त्यालाही वीस वर्षांची शिक्षा झाली. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ड प्रमाणे तोतयेगिरीच्या फसवणुकीला तीन वर्षांपर्यंत, आणि त्या वेळच्या दंडविधानाच्या कलम ४२० खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा सांगितली होती. एकाच कामाची मोजमापे दोन देशांत किती वेगळी असतात, ते यावरून दिसेल. जिथे मोजमापात फरक असतो तिथे गुन्हेगार घर करतो, हे मिठाने आणि सोन्याने आपल्याला शिकवलेच आहे.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, हे सारे ठीक. पण फसले ते अमेरिकेतले, आपले काय गेले? याच प्रश्नावर ही कथा खरी वळण घेते. परक्याच्या घरी चोरी करायला शिकलेला हात आपल्या घरासमोर आला म्हणून थांबत नाही. पुढच्या काही वर्षांत तोच डाव आपल्या लोकांवर पडू लागला. नाव पडले ‘डिजिटल अटक’. कुणी सीबीआयचा अधिकारी होतो, कुणी सीमाशुल्क खात्याचा, कुणी न्यायाधीशही. व्हिडिओवर गणवेश दिसतो, पाठीमागे कचेरीचा देखावा असतो, आणि निवृत्त माणूस दार लावून दिवसचे दिवस फोनसमोर ‘अटकेत’ बसतो आणि आयुष्यभराची पुंजी परक्याच्या खात्यात टाकतो. यांतले पुष्कळ फोन आता दुसऱ्याच देशांतून येतात. काल बोलणारे आपण होतो, आज ऐकणारे आपण आहोत. २७ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी आकाशवाणीवरील ‘मन की बात’मधून लोकांना सांगितले, की डिजिटल अटक असा प्रकारच कायद्यात नाही. ह्यूस्टनचे आरोपपत्र जाहीर झाले त्याला त्या दिवशी बरोबर आठ वर्षे झाली होती. संवाद तोच होता. फक्त खात्याचे नाव बदलले होते.

म्हणून व्यवहाराची एक गोष्ट आधी सांगून टाकतो. असा फोन आला तर बोलणे तोडा, घरातल्या माणसाला हाक मारा, आणि पैसे गेलेच असतील तर लाजत न बसता ताबडतोब १९३० या क्रमांकावर तक्रार करा. वेळ गेला की पैसे दहा खात्यांतून फिरून जातात. सरकारी कचेरी फोनवर पैसे मागत नाही, आणि गुपचूप राहा असे तर कधीच सांगत नाही. भीती एकट्या माणसाला खाते. शेजारी बसलेल्या दुसऱ्या माणसापुढे ती टिकत नाही.

सरकारनेही पावले टाकली. १ ऑक्टोबर २०२० पासून मीरा-भाईंदर आणि वसई-विरार यांसाठी स्वतंत्र पोलीस आयुक्तालय सुरू झाले. खाडीच्या अलीकडचा आणि पलीकडचा काठ एका हद्दीत आला. १५३४ च्या तहानंतरची आठवण व्हावी असा हा योग! पण नवे आयुक्तालय, नवे कलम, नवा करार हे सारे गुन्हा घडल्यानंतर धावणारे. गुन्हा घडण्याआधी तिथे हजर कोण असतो? त्या खुर्चीवर बसलेला मुलगा.

आणि याचा पुरावा याच प्रकरणात आहे. २०१७ च्या जानेवारीत ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने मीरा रोडच्या प्रकरणावर मोठा लेख छापला. तिथे काम करणाऱ्या दोन कोवळ्या तरुणांनी अमेरिकेतल्या फेडरल ट्रेड कमिशनला आपण होऊन फोन लावून आत चालले आहे ते सांगितले होते, अशी हकिकत त्यात आली आहे. पाहा, किती विलक्षण गोष्ट आहे! ज्या साधनाने लोकांना लुबाडायचे शिकवले, ज्या भाषेत धमकवायचे शिकवले, त्याच साधनाने आणि त्याच भाषेत त्यांनी खरे ते कळवले. त्यांच्याकडे ना हुद्दा होता, ना करार, ना अधिकार. समुद्रापलीकडचा न पाहिलेला माणूसही आपल्यासारखाच माणूस आहे, एवढे मात्र त्यांना कळले होते.

कार्ताझपासून कॉल सेंटरपर्यंतच्या या शर्यतीत व्यापार पुढे राहिला, गुन्हा त्याच्या पाठोपाठ राहिला, आणि कायदा दम खात मागून आला. यापुढेही असेच होत राहील, कारण कायद्याला सह्या लागतात आणि लोभाला लागत नाहीत. पण चौथा एक धावणारा आहे, तो म्हणजे माणसाची लाज. ती गावच्या वेशीपाशी थांबली, तर ‘परक्याला लुबाडणे म्हणजे काही पाप नव्हे’ असे म्हणायला आपण मोकळे होतो. आज आपला व्यापार आणि आपला आवाज साऱ्या पृथ्वीवर जातो. लाजेनेही तेवढेच दूर जायला हवे.

त्या दिवशी शेवटच्या बाकावरून विचारलेल्या प्रश्नाला आज मी असे उत्तर देईन : बाबा रे, कायद्याच्या वहीत गुन्हा दोन ठिकाणी घडतो, जिथून आवाज निघाला तिथे, आणि जिथे पोचला तिथे. पण तो थांबवायची जागा एकच असते. ती इथे आहे, खाडीच्या अलीकडे, फोन उचलणाऱ्या हाताजवळ.